तीन वेळा नाही

३ नोव्हेंबर

या लोकांत लिहून ठेवत नाहीत. गाणी, झाडांची नावं, कोण कधी कसं गेलं, सगळं तोंडपाठ. लिहिलं की ते मेलं, असं हेस्टर म्हणते. माझ्या डोक्यात काही टिकत नाही, म्हणून मी चोरून लिहितोय. पंधराव्या वर्षी शाळा सोडली, चुका असणारच. वाचणार कोण आहे म्हणा.

परवा मला राखणदार केलं.

हेस्टर प्रोबर्ट सत्त्याहत्तर वर्षांची आहे. मी सप्टेंबरात तिच्या बागेत सफरचंदं उतरवायला आलो, सहा आठवड्यांचं काम. बाकीचे गेले. मी राहिलो, कारण शिडी सोडाच, तिला आता जिनाही चढवत नाही. अन्ननलिकेत गाठ आहे. ऑगस्टमध्ये हॉस्पिटलवाले म्हणाले, कापू. तिनं कागदावर सही करून दिली की कापायचं नाही, टोचायचं नाही, आत काही घालायचं नाही. "माझ्या घशात बांडगूळ धरलंय," असं ती येईल त्याला सांगते आणि हसते. हे लोक ड्रुइड आहेत, झाडांना देव मानणारा जुना पंथ. झाडावरचं बांडगूळ त्यांना पवित्र.

आपल्या मंडळीला ते राई म्हणतात. एकोणीस माणसं. म्होरक्या लायनेल बेडोज, आयुष्यभर लोकांचे दात उपटले, आता पांढरा झगा घालून ओकाखाली उभा राहतो. परवा त्यानं माझा आणि हेस्टरचा हात आयव्हीच्या वेलीनं एकत्र बांधला. हेस्टर सगळ्यांसमोर म्हणाली, "मी तयारीनं जाणार आहे. पण भीती मला मागे ओढेल. तीनदा मी याच्याकडे राहायची भीक मागेन. तीनदा हा नाही म्हणेल. तिसऱ्या नाहीनंतर मी शांत होईन आणि निघेन." मग माझ्याकडे वळून, "म्हणशील?"

मी म्हटलं, "म्हणेन."

नंतर भांडी घासताना विचारलं, "मलाच का? तुमची एवढी माणसं आहेत."

"ती हुशार आहेत. हुशार माणूस ऐन वेळी दयाळू होतो. तू गाढव आहेस. गाढव उभं राहा म्हटलं की उभं राहतं."

राग यायला हवा होता. आला नाही. इतकी वर्षं सगळे म्हणत आले, इनिस गन टिकत नाही. मासेमारीची बोट सोडली, खाटीकखाना सोडला, मोरॅग नावाच्या पोरीला सोडलं. उभं राहा असं मला कुणी पहिल्यांदाच सांगितलं.

६ नोव्हेंबर

रोज दुपारी चार वाजता, सूर्य कलला की, मी तिला पुरतो.

बागेच्या पश्चिमेच्या टोकाला जागा तिनंच दाखवली. खड्डा अजून मांडीइतकाच खोल आहे. बाकीचा ती गेल्यावर. लोकर कुटून स्वतःच केलेल्या कफनात ती आडवी होते आणि मी छातीपर्यंत मूठमूठ माती टाकतो. ती डोळे मिटून एकेक गोष्ट सोडून देते. "डावा पाय दिला. उजवा पाय दिला. पेअरचा वास दिला." मग मी तिला उठवतो, झटकतो, आत नेऊन सूप पाजतो. सूप अजून उतरतं, सावकाश.

आज मातीत गांडूळ निघालं. "मेल्याला घाई झालीय," ती म्हणाली.

परत येताना माझ्या खांद्यावर हात होता. "नीट ऐक. भीती आधी रडते. मग भांडते. शेवटी ती सगळ्यात हुशार होते. माझंच तोंड वापरून मलाच खोटी पाडेल. तेव्हा कान बंद करायचे."

"कान कसे बंद करू?"

"गाणं म्हण. बेसूर असलास तरी आवाज मोठा आहे."

१५ नोव्हेंबर

ती दर शुक्रवारी एक वस्तू देऊन टाकते. हलकं होऊन जायचं असतं. आज लायनेलची पाळी. त्यानं खुर्ची मागितली. ती त्याच खुर्चीत बसली होती.

"हीच?"

"तूच म्हणालीस ना, जे आवडतं ते सांगा."

ती उठली. मी तिला स्टुलावर बसवलं. लायनेल खुर्ची गाडीत घालताना म्हणाला, "किती सहज सोडते बघ." मला वाटलं, तिचं तोंड जरा वाकडं झालं. पण तेव्हा ती गिळायचा प्रयत्न करत होती.

क्लाइव्ह टिप्टनही आला होता. जुना पोस्टमन. त्याचे हात थरथरतात, वाढत जाणारा आजार आहे, दोन वर्षांत तोही अंथरुणाला लागेल. त्याला ऊन-पाऊस सांगणारं हवामानाचं घड्याळ मिळालं. घड्याळ हातात घेतलं तर काटाच नाचायला लागला. तो सारखा एकच मागतो, "हेस्टर, वॉल्टरची गोष्ट सांग ना."

वॉल्टर तिचा नवरा. नऊ वर्षांपूर्वी याच घरात गेला. राखणदार ती. ही चाल तिनंच पाडली. बाकीच्या राईंमध्ये असलं काही करत नाहीत. ती सांगते, "वॉल्टरनं तीनदा मागितलं. तीनदा मी नाही म्हटलं. तिसऱ्यांदा त्यानं माझ्याकडे पाहिलं, हसला, म्हणाला, 'बरं, निघतो मग.' आणि गेला."

टिप्टनच्या डोळ्यांत पाणी. माझ्याही आलं. असं आमच्या गावात कुणी मरत नाही. आमच्याकडे माणसं शिव्या देत मरतात, नाहीतर समुद्रात.

२४ नोव्हेंबर

आईचा गावाहून, विकहून, फोन. "अजून तिथंच?" म्हटलं, "हो." म्हणाली, "नाताळापर्यंत टिकशील?" मी फोन ठेवून दिला.

८ डिसेंबर

सूप बंद. दूध, तेही चमच्यानं. निम्मं परत येतं.

नर्स डिलिस आली होती. वेल्सची, आडवी बाई, येताना बूट दारात आपटते. तिनं हेस्टरला समजावलं. जाळीची एक छोटी नळी असते, ती घशातून खाली सरकवतात, गाठीच्या जागी उघडते. अर्ध्या तासाचं काम. गाठ राहील, पण गिळता येईल. "वसंत तरी पोटभर खाऊन पाहशील, बाई."

"म्हणजे घशाला गटाराचा पाइप बसवणार."

"माझी मावशी ड्रुइड होती. तिनं ऑपरेशनही करून घेतलं आणि पन्नास झाडंही लावली. कुठल्या झाडानं तक्रार केली नाही."

"मग तुझ्या मावशीला बसव." हेस्टर हसली आणि तिला ठसका लागला.

फाटकापाशी डिलिसनं माझा दंड धरला. "हे बघ, तिचा कागद मी मानते. पण तिचं तोंड त्या कागदाच्या वर आहे. उद्या म्हणाली नळी हवी, तर हवी. मला फक्त एक फोन कर. जानेवारीच्या मध्यापर्यंत जमेल. पुढे अंगात ताकद राहणार नाही. कळलं?"

"कळलं."

"काही कळलं नाहीये तुला. चेहऱ्यावर दिसतंय."

मला सगळं कळलं होतं. राखणदार मी आहे, ती नाही.

२१ डिसेंबर

वर्षातला सगळ्यात लहान दिवस. सकाळी अख्खी राई बागेत जमली. मी हेस्टरला वरच्या खोलीतून पाठुंगळी नेलं. तिचं वजन आता सफरचंदाच्या दोन पेट्यांएवढंही नाही. लायनेलनं चार दिशांना तोंड करून विचारलं, "शांतता आहे का?" आणि चारी वेळा सगळे ओरडले, "आहे!" जुन्या झाडावर चढून मी बांडगूळ कापलं. खाली चादर धरली होती, जमिनीला लागू द्यायचं नसतं.

सगळे गेल्यावर, अजून उजेड होता, ती अंथरुणातून म्हणाली, "इनिस, डिलिसला फोन कर. ती नळी टाकून घेऊ या."

मी म्हटलं, "नाही."

तिनं बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "शाब्बास. एक."

खाली येऊन मी लायनेलला फोन केला. तो म्हणाला, "तुझा अभिमान वाटतो मला." हे वाक्य मला कुणी म्हटल्याचं आठवत नाही. शाळेत तर नाहीच.

३ जानेवारी

दुसरी वेळ. आज तिनं आकडा मोजला नाही. म्हणाली, "मला तहान लागलीय. सारखी तहान लागलीय. नळी टाकली तर पाणी तरी पिता येईल." मी नाही म्हटलं. ओला स्पंज ओठांवर फिरवला. तिनं स्पंज दातांत धरला, सोडेना. ओढून काढावा लागला.

९ जानेवारी

तिसरी. रडली. आवाज न करता, डोळ्यांतून पाणी नाही, नुसती हलत होती. "इनिस, बाळा, मी चुकले. मला राहायचंय. थोडंच." बाळा असं ती मला कधीच म्हणाली नव्हती. गाढवा, ठोंब्या, लांबड्या, हे सगळं. बाळा नाही.

मी नाही म्हटलं. माझा आवाज फुटला, पण म्हटलं.

मग मी पलंगापाशी बसून राहिलो. आता ती शांत होणार होती. माझ्याकडे बघून हसणार होती. मी सकाळी अकरापासून तीनपर्यंत बसलो. तिनं तोंड भिंतीकडे फिरवलं होतं.

११ जानेवारी

तिनं चौथ्यांदा मागितलं.

काय करायचं सुचेना. चौथ्याला काय म्हणायचं हे कुणी शिकवलंच नव्हतं. मी म्हटलं, "थांबा हं," आणि खाली जाऊन लायनेलला फोन लावला.

"चौथ्यांदा? छे. मला नीट सांग. पहिल्यांदा तीच शाब्बास म्हणाली ना? म्हणजे ती परीक्षा होती. भीक नव्हती. ती धरायची नाही. आजची तिसरी."

"म्हणजे आता शांत होईल?"

"होईल की."

मी वर जाऊन नाही म्हटलं.

१२ जानेवारी

पुन्हा मागितलं. पुन्हा लायनेल. "अंग गरम होतं का काल?" होतं थोडं. "मग झालं तर. तापात मागितलेलं धरत नाहीत. वॉल्टरच्या वेळीही हेस्टरनं तसंच केलं असणार." फोनवर मागे टीव्ही चालू होता. मी विचारलं, तुम्ही एकदा येता का? म्हणाला, राखणदार आणि जाणारा यांच्यामध्ये तिसऱ्यानं यायचं नसतं.

१३ जानेवारी

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहितो.

सकाळी तिनं मला जवळ बोलावलं. आवाज अगदी बारीक झालाय, कान तोंडापाशी न्यावा लागतो. डोळे मात्र स्वच्छ होते, तापबीप नव्हता, मी हात लावून पाहिलं.

"किती झाले?" तिनं विचारलं.

"लायनेलच्या हिशोबानं तीन."

"लायनेलला त्याच्या खुर्चीत घालून पुरा." मग तिनं माझा कान आणखी जवळ ओढला. "वॉल्टरनं किती वेळा मागितलं माहीत आहे?"

"तीनदा."

"मी मोजायचं सोडून दिलं होतं. उठता-बसता मागायचा. माझा हात धरून ठेवायचा, बोटं एकेक करून सोडवावी लागायची. शेवटच्या दिवशी बोलता येत नव्हतं तर फोनकडे बोट दाखवत होता."

मी तिच्या ओठांवर ओला स्पंज फिरवला.

"तीन हा आकडा मी दुसऱ्या दिवशी काढला. लायनेल आला, मी चहा ओतत होते, त्यानं विचारलं कसा गेला. मी म्हटलं, तीनदा मागितलं आणि हसला. आमच्यात सगळं तीनच असतं. ऐकायला बरं वाटलं. त्यालाही, मलाही."

"मग तुम्ही हो का नाही म्हटलं त्यांना?"

"दर वेळी वाटायचं, आता पुढच्या नाहीला हसेल." तिनं माझी बाही धरली. "असं काही नसतं, इनिस. तिसऱ्यानंतर काही येत नाही. फोन कर जा."

मी जिन्यापर्यंत गेलो. तिथं मला आठवलं. भीती शेवटी सगळ्यात हुशार होते. माझंच तोंड वापरून मलाच खोटी पाडेल. नोव्हेंबरात, धडधाकट असताना, तिनंच सांगितलं होतं. अगदी असंच होईल म्हणाली होती, आणि अगदी असंच झालं. हे बोलणारी हेस्टर नव्हती. हेस्टर नवऱ्याबद्दल असं बोलणार नाही.

मी परत वर आलो आणि गाणं म्हटलं. त्यांचा तो एकच लांब सूर असतो, आ-ऊ-एन, पोटातून काढायचा. पहिल्यांदा ती काहीतरी बोलत राहिली. मग माझ्याकडे नुसती बघत राहिली. मी घसा बसेपर्यंत म्हटलं.

आजचं मला जमलं. आजच्यासाठीच तिनं मला निवडलं होतं.

१५ जानेवारी

डिलिस एक दिवसाआड दहा वाजता येते. हेस्टर सकाळपासून चुळबुळत होती, दाराकडे बघत होती, म्हणून साडेनऊलाच गालात डिलिसनं दिलेल्या गुंगीच्या औषधाचे थेंब सोडले. डिलिस आली तेव्हा गाढ झोपली होती.

"आज फारच झोप."

"रात्री डोळ्याला डोळा नव्हता."

"नळीचं काही बोलली का? या आठवड्यानंतर मी विचारणार नाही."

"नाही."

डिलिसनं तिची जीभ पाहिली, ओठांना मलम लावलं, बराच वेळ तिचा हात हातात धरून बसली. मला म्हणाली, "तू चांगली सेवा करतोयस. अंथरूण स्वच्छ आहे. तुझ्या वयाच्या पोरांना हे जमत नाही."

१७ जानेवारी

आज झाडांना उठवायचा दिवस. राईच काय, अर्धं गाव येतं. संध्याकाळ व्हायच्या आत मशाली लावतात, सगळ्यात जुन्या झाडाच्या फांद्यांवर सायडरमध्ये, म्हणजे सफरचंदाच्या दारूत, बुडवलेले पाव ठेवतात, बुंध्यात सायडर ओततात, आणि डबे, तवे, जे हाताला लागेल ते बडवून ओरडतात, म्हणजे झाड जागं होतं आणि वाईट ते पळतं. कुणीतरी बंदुकीचे दोन बारही काढले.

मी पाव ठेवायला चढलो होतो. तिथून घराची वरची खिडकी समोरच. हेस्टर खिडकीत होती. पलंगावरून कशी उठली देव जाणे. हातात चमचा होता आणि ती काचेवर आपटत होती. आपटत होती आणि तोंड उघडझाप करत होती.

खाली टिप्टन ओरडला, "बघा! हेस्टर बघा! तीपण वाजवतेय!"

सगळ्यांनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं. पेले वर धरले. "हेस्टर! हेस्टर!" तवे आणखी जोरात वाजायला लागले. ती हात हलवायला लागली तर सगळ्यांनी हात हलवले. लायनेलला रडू आलं. "अखेरपर्यंत आशीर्वाद देतेय," म्हणाला.

ती काय म्हणत होती ते मला ओठांवरून कळत होतं. एकच शब्द, पुन्हा पुन्हा. माझं नाव नव्हतं. पाणी.

सगळे हात हलवत होते. मीही हलवला.

वर गेलो तेव्हा ती खिडकीखाली जमिनीवर होती. उचलून ठेवली. काहीच मोडलं नव्हतं.

२० जानेवारी

मागते. आता शब्द येत नाहीत, पण मागते. मी सूर लावतो.

२२ जानेवारी

सकाळी तिची बोटं माझ्या मनगटाभोवती होती. सुटता सुटेनात, एकेक करून सोडवली. खाली येऊन मी आधी भांडी घासली. मग फोन उचलला. नंबर पाठ झालाय, तेवढंच एक पाठ झालंय.

"डिलिस? ती नळी... अजून टाकता येते का?"

पलीकडे बूट थांबल्यासारखं वाटलं. "आता नाही रे. ते दिवस गेले. आता तिला हॉस्पिटलपर्यंतचा रस्ताही सोसणार नाही. का? काही बोलली का ती?"

"नाही. सहज विचारलं."

"इनिस?"

"सहज म्हटलं ना."

फोन ठेवला. खरं लिहायचं तर हलकं वाटलं. आता ती मागू दे किंवा न मागू दे, उत्तर मला द्यायचं नव्हतं. अंडं तळून खाल्लं. दोन खाल्ली.

२५ जानेवारी

सकाळी आठ-वीसला गेली.

मी पहाटेपासून समोर बसलो होतो, चेहऱ्यावरून नजर हलवली नाही. हसली असती तर मला दिसलं असतं. डोळे उघडे होते, माझ्यावर होते. तोंडही उघडं राहिलं. डिलिस येईपर्यंत मी ते दोनदा मिटवून पाहिलं, दोन्ही वेळा उघडलं.

डिलिसनं खिडकी उघडली. काचेवर चमच्याचे ओरखडे होते. तिनं त्यांवरून बोट फिरवलं, माझ्याकडे पाहिलं आणि काही विचारलं नाही. जाताना बूट आपटले नाहीत.

२६ जानेवारी

खड्डा पुरा केला. माती गोठलेली, कुदळ लावावी लागली. आईला फोन करून सांगितलं की म्हातारी गेली, मी शेवटपर्यंत होतो. ती म्हणाली, "शेवटपर्यंत? तू?" मग म्हणाली, "शहाणा झालास रे."

विकला जावं असं एकदा मनात आलं. आज, आत्ता, पहिल्या बसनं.

२९ जानेवारी

पुरलं.

एकोणीस जण गोल करून उभे होते, म्हणजे आता अठरा आणि मी. लोकरीत गुंडाळल्यावर ती फारच लहान दिसत होती. लायनेलनं चार दिशांना विचारलं, शांतता आहे का. सगळे म्हणाले, आहे. मग तो माझ्याकडे वळला. हे असतं हे मला माहीत नव्हतं. त्यांच्यात काही लिहीत नाहीत, म्हणून माती टाकायच्या आधी राखणदारानं तोंडानं सांगायचं. जे तो सांगेल तेच पुढे सांगत राहतात.

"राखणदारा, हेस्टरनं किती वेळा मागितलं?"

मला खरा आकडा माहीत नव्हता. कुणालाच नव्हता. सगळे माझ्याकडे बघत होते, थंडीनं नाकं लाल, आणि त्या सगळ्यांच्या चेहऱ्यावर एकच होतं. सांग ना, सांग ना. लायनेल तर मान हलवून मला उत्तर पुरवत होता. टिप्टन सगळ्यात पुढे. त्यानं दोन्ही हात काखेत दाबून धरले होते, थरथर दिसू नये म्हणून.

मी म्हटलं, "तीनदा."

"आणि तिसऱ्यांदा?"

"माझ्याकडे पाहिलं. आणि हसली."

"काही म्हणाली?"

एवढ्यात मला वाटलं, आता हिची बोटं लोकरीतून बाहेर येतील. नाही आली. मी म्हटलं, "म्हणाली, 'चल, जाते मी.'"

बायका रडल्या, पण छान रडल्या. लायनेलनं मला छातीशी धरलं. मग माती. मी छातीपासून सुरू केली, सवयीनं, आणि चेहरा शेवटी राहिला. तेवढं लायनेलनं केलं.

घरात चहा-केक झाला. मी बाहेर कुदळ धूत होतो तर टिप्टन मागे येऊन उभा. त्याची कपबशी खडखडत होती, अर्धा चहा बशीत.

"तीनदाच ना रे?" तो म्हणाला. "मला रोज वाटायचं, ती वॉल्टरचं आम्हाला धीर द्यायला सांगते. पण आता तू आपल्या डोळ्यांनी पाहिलंस." तो हसायला लागला, सुटल्यासारखा. "तीन मला जमतील. मी भित्रा आहे, पण तीनदा सोसेन. मला दुसरं कुणी नको, इनिस. माझा राखणदार होशील?"

मला तेव्हा सांगता आलं असतं. आम्ही दोघंच होतो. त्यानं कपबशी कठड्यावर ठेवली आणि माझा ओला हात दोन्ही हातांत धरला. त्याची थरथर माझ्या कोपरापर्यंत आली.

मी म्हटलं, "होईन."